कार्ल लँडस्टायनर: रक्तगट म्हणजे पेशीवरची साखर

रक्त चढवायचे ठरले की नातेवाइकांना सर्वांत जास्त खटकते ते थांबणे. रुग्णाचा गट माहीत आहे, त्याच गटाची पिशवी रक्तपेढीत आहे, मग आणखी पाऊण-एक तास कशासाठी? धानोऱ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्तच टोचतो. इथून गडचिरोलीची रक्तपेढी साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर आहे. बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई असो, मलेरियाने रक्त उतरलेला रुग्ण असो किंवा सिकलसेलचे मूल असो, प्रवासात आधीच वेळ गेलेला असतो. त्यात ‘क्रॉसमॅच’साठी थांबा म्हटले की माणसे चिडतात. मी सख्खा भाऊ आहे, माझेच रक्त काढा आणि थेट द्या, असा आग्रह होतो.

हा पाऊण तास कशासाठी लागतो, ते समजून घ्यायला कार्ल लँडस्टायनर या डॉक्टरांचे आयुष्य उपयोगी पडते. दरवर्षी १४ जूनला आपण जागतिक रक्तदाता दिन पाळतो, तो त्यांचा जन्मदिवस आहे. रक्तगट त्यांनी शोधले हे शाळेत शिकवतात. पण रक्तगट म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला होता. त्याचे उत्तर ‘साखर’ असे निघाले. या उत्तराचा एक महत्त्वाचा दुवा पुढे मुंबईत सापडला.

व्हिएन्नातील बालपण आणि शिक्षण

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाजवळ झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते वारले आणि आई फॅनी यांनी या मुलाला वाढवले. आईवर त्यांचा फार जीव होता. तिच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी शेवटपर्यंत आपल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला होता.

१८९१ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाले. त्यानंतर दवाखाना थाटण्याऐवजी ते रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडले. झुरिक, वुर्ट्‌झबर्ग आणि म्युनिक येथील प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. वुर्ट्‌झबर्गमध्ये त्यांचे गुरू होते एमिल फिशर. साखरेच्या रेणूंची रचना उलगडणारे हे शास्त्रज्ञ. त्यांना पुढे १९०२ चे नोबेल मिळाले. १८९२ मध्ये फिशर आणि लँडस्टायनर यांनी मिळून ग्लायकोलाल्डिहाइड या साखरेच्या कुळातल्या अगदी लहान रेणूवर लेख प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, फिशर यांनी आपली प्रसिद्ध उपमा मांडली: प्रथिन आणि साखर कुलूप-किल्लीसारखे बसतात. किल्लीचा एक दाता बदलला तरी कुलूप उघडत नाही.

डॉक्टर असून रसायनशास्त्राची ही दृष्टी मिळाली, म्हणून लँडस्टायनर यांनी पुढे रक्ताकडे इतरांपेक्षा वेगळ्या नजरेने पाहिले.

रक्ताच्या गुठळ्या आणि एक तळटीप

१८९६ पासून ते व्हिएन्नाच्या आरोग्यशास्त्र संस्थेत आणि १८९८ पासून विकृतिशास्त्र विभागात काम करू लागले. तिथे दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केली. उरलेल्या वेळात त्यांचे रक्तावरचे प्रयोग चालत.

त्या काळी रक्त चढवणे म्हणजे जुगार होता. कधी रुग्ण उठून बसे, तर कधी त्याला थंडी भरून येई, कंबर दुखे, लघवी काळी होई आणि तो दगावे. जनावराचे रक्त माणसाला चालत नाही हे कळले होते. पण माणसाचे रक्त माणसाला का चालू नये, हे कळत नव्हते. एका माणसाच्या रक्तरसात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी गोळा होतात, असे काहींनी पाहिले होते. मात्र हे आजारपणामुळे होते, असा समज होता.

१९०० च्या एका लेखात लँडस्टायनर यांनी तळटिपेत नोंदवले की निरोगी माणसांतही असे घडते. १९०१ मध्ये त्यांनी या तळटिपेचा पूर्ण लेख केला. प्रयोग अगदी साधा होता. स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले, प्रत्येकाच्या तांबड्या पेशी आणि रक्तरस वेगळे केले आणि प्रत्येकाचा रस प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे झाले, काहींत काहीच झाले नाही. तक्ता मांडल्यावर त्यात शिस्त दिसली. माणसांचे तीन गट पडत होते. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी म्हटले. सी गटाला पुढे ओ नाव मिळाले. १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा, एबी गट सापडला.

आज रक्तपेढीतला तंत्रज्ञ क्रॉसमॅच करतो तेव्हा तो हाच प्रयोग करत असतो. रुग्णाचा रक्तरस आणि दात्याच्या पेशी एकत्र करून गोळे होतात का ते तो पाहतो. गोळे व्हायचे असतील तर ते नळीत होऊ द्यावेत, रुग्णाच्या शिरेत नकोत, एवढाच त्याचा अर्थ.

हा शोध वापरात यायला मात्र वेळ लागला. न्यूयॉर्कमध्ये रुबेन ओटेनबर्ग यांनी १९०७ मध्ये गट तपासून रक्त द्यायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सायट्रेट घालून रक्त गोठू न देण्याची युक्ती सापडली आणि मगच रक्त साठवून देणे शक्य झाले.

मसूर, वाटाणा आणि गुंज

लँडस्टायनर यांना पडलेला पुढचा प्रश्न असा: पेशीवर असे काय आहे, जे रक्तरसातले प्रथिन ओळखते?

याचा एक धागा वनस्पतींच्या बियांत होता. एरंडाच्या बीचा अर्क रक्तपेशींचे गोळे करतो, हे हर्मन स्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये दाखवले होते. आपल्या जंगलात वेलीवर लाल-काळी गुंज दिसते, तिच्यातल्या विषारी प्रथिनाचाही गुण तोच. १९०७ मध्ये लँडस्टायनर आणि राउबिट्‌शेक यांनी दाखवले की वाटाणा, मसूर अशा रोजच्या खाण्यातल्या, बिनविषारी बियांतही अशी प्रथिने असतात. वेगवेगळ्या प्राण्यांच्या रक्तावर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो, हेही त्यांनी पाहिले. या प्रथिनांना आज लेक्टिन म्हणतात. त्यांचे काम एकच, ठरावीक साखर ओळखून धरून ठेवणे.

पुढे भारतात काम करणारे डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’मध्ये कुळथावरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कुळीथ, म्हणजे आपले हुलगे. त्याच्या बियांतले लेक्टिन ए गटाच्या पेशींचे गोळे करते आणि योग्य प्रमाणात पातळ केले की ए गटातले ए-१ आणि ए-२ हे पोटप्रकार वेगळे दाखवते. आजही रक्तपेढ्यांत ए-१ ओळखण्यासाठी कुळथाचे लेक्टिन वापरतात. कुळथाचे पिठले खाताना याची चिंता नको, कारण शिजवल्यावर ही प्रथिने निकामी होतात. गुंजेची फुटलेली किंवा चावलेली बी मात्र जिवावर बेतू शकते. मुलाने ती खाल्ल्याचे कळले तर त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

साखरेचे झाड आणि प्रथिनाचे हात

आता ही साखर कशी असते ते पाहू. मधुमेहात रक्तातली जी साखर मोजतो, ती रक्तरसात विरघळलेली असते. रक्तगटाची साखर तांबड्या पेशीच्या बाहेरच्या आवरणावर पक्की जोडलेली असते. ती खाण्यावर अवलंबून नसते आणि गोड खाल्ल्याने बदलत नाही.

पेशीवर साखरेच्या साखळ्या झाडासारख्या उभ्या असतात आणि त्यांना फांद्या फुटलेल्या असतात. फांदीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की त्या टोकाला ‘एच’ म्हणतात. ओ गटात टोक तेवढ्यावरच थांबते. ए गटात त्याच्यापुढे एन-अॅसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही साखर लागते, बी गटात गॅलॅक्टोज लागते. या दोन साखरांत रेणूच्या एका लहानशा भागाचाच फरक आहे. तेवढ्या फरकावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

प्रथिनाची एका साखरेवरची पकड कमकुवत असते. आपल्या रक्तातले ए आणि बीविरुद्धचे प्रतिपिंड मुख्यतः आयजीएम प्रकारचे असतात आणि त्या एका रेणूला दहा हात असतात. एक हात सुटला तरी बाकीचे धरून असतात. समोर साखरेची टोके दाट असतील तर पकड अनेक पटींनी वाढते आणि एकच प्रतिपिंड दोन पेशींना एकत्र बांधतो. गोळा होतो तो असा. ए-१ पेशीवर अशी टोके साधारण ८ ते १२ लाख असतात, ए-२ वर सुमारे अडीच लाख. कुळथाच्या लेक्टिनला या दोन्हींतला फरक कळण्यामागे ही दाटी मोठे कारण आहे.

नवजात बाळात या साखळ्यांना फांद्या कमी फुटलेल्या असतात. त्यामुळे टोकेही कमी असतात आणि ए किंवा बी गटाची चाचणी कधीकधी फिकी येते. दीड-दोन वर्षांपर्यंत फांद्या पूर्ण फुटतात. म्हणून जन्मतः केलेला रक्तगट पुढे एकदा पुन्हा तपासून घेणे चांगले.

पोलिओ, उपासमार आणि स्थलांतर

१९०८ मध्ये लँडस्टायनर व्हिएन्नाच्या विल्हेल्मिना रुग्णालयात गेले. त्याच सुमारास एर्विन पॉपर यांच्यासोबत त्यांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांना टोचून आजार संक्रमित होतो हे दाखवले. पोलिओ विषाणूजन्य आहे, हे समजण्याची ती सुरुवात होती.

१९१६ मध्ये त्यांनी हेलेन व्लास्टो यांच्याशी लग्न केले आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. महायुद्ध संपले तेव्हा व्हिएन्नात अन्न नव्हते आणि जळण नव्हते. १९१९ मध्ये हे कुटुंब हॉलंडमधील हेग शहरी गेले. जगाला रक्तगट देणारा हा पन्नाशी ओलांडलेला माणूस तिथल्या एका लहान रुग्णालयात लघवी आणि रक्ताच्या रोजच्या तपासण्या करू लागला. तरीही संशोधन थांबले नाही.

तिथे त्यांनी एक कल्पना पक्की केली. लहान रसायन एकटे दिले तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवत नाही. तेच रसायन मोठ्या प्रथिनाला जोडून दिले तर प्रतिपिंड बनतात आणि ते त्या लहान रसायनालाही अचूक ओळखतात. अशा रसायनाला त्यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ असे नाव दिले.

काही काळातच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. तिथे त्यांनी ही कल्पना टोकाला नेली. चिंचेच्या आंबटपणातले टार्टारिक आम्ल डाव्या-उजव्या हातांसारखे उलटसुलट रूपांत असते. प्रतिपिंड ही रूपेही वेगळी ओळखतात, असे त्यांनी दाखवले. त्याच संस्थेत १९२९ मध्ये गोबेल आणि एव्हरी यांनी प्रथिनाला साखर जोडली. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत एकाच कार्बनवरच्या रचनेचा फरक असतो. प्रतिपिंडांनी तोही ओळखला.

प्रयोगशाळेतल्या या कामाचे फळ आज आपल्या उपकेंद्रात मिळते. दीड महिन्याच्या बाळाला आपण जी पेंटाव्हॅलंट लस देतो, तिच्यातल्या हिब या घटकात जंतूच्या आवरणावरची साखर प्रथिनाला जोडलेली असते. न्यूमोकोकल लसही तशीच. नुसती साखर बाळाच्या शरीराला नीट ओळखता येत नाही, प्रथिनाला जोडल्यावर येते. न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासून बाळाला मिळणारे हे संरक्षण हॅप्टेनच्या वाटेने आले आहे.

नोबेल, आरएच आणि शेवट

१९३० मध्ये रक्तगटांच्या शोधासाठी लँडस्टायनर यांना नोबेल मिळाले. प्रसिद्धीची त्यांना आवड नव्हती. प्रतिपिंड इतके बारीक फरक कसे ओळखतात, यावरचे काम त्यांना स्वतःला जास्त मोलाचे वाटे. त्याच विषयावर त्यांनी आपले मोठे पुस्तक लिहिले.

१९४० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आरएच घटक जाहीर केला. गट जुळूनही काही जणांना रक्त का सोसत नाही, आणि काही मातांची बाळे पोटात का दगावतात, याचे उत्तर त्यातून मिळाले. आरएच मात्र साखर नसून प्रथिन आहे.

२४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, ते वारले.

मुंबईत सापडलेला दुवा

त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९५२ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये एक लहान लेख आला. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना काही व्यक्तींचे रक्त विलक्षण वाटले होते. त्यांच्या पेशी ओ गटासारख्या दिसत, पण त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींचेही गोळे करत होता. लंडनच्या रेस आणि सँगर यांनी, तसेच साखरेचे रसायन जाणणाऱ्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी या कामात साथ दिली.

या व्यक्तींच्या पेशींवर एचचे टोकच नव्हते. फ्यूकोज जोडणारे विकर त्यांच्यात काम करत नव्हते. पायाच नाही म्हटल्यावर वर ए किंवा बी लागणार कुठून? एच हाच ए आणि बी या दोघांचा पाया आहे, हे समजून घेण्यात या रक्ताची मोठी मदत झाली. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतात त्याचे प्रमाण साधारण १०,००० माणसांमागे एक, असा ढोबळ अंदाज आहे.

नेहमीच्या जलद चाचणीत बॉम्बे गट ‘ओ’ म्हणून दिसू शकतो. अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले तर ते घातक ठरते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. ही चूक क्रॉसमॅचमध्ये पकडली जाते. कारण रुग्णाचा रस दात्याच्या ओ पेशींशी मिसळला की नळीतच गोळे दिसतात.

आता संशोधक प्रयोगशाळेत स्वतःच साखरेची झाडे बनवतात. एका बुंध्यापासून फांद्या फुटत जाणारे रेणू तयार करायचे आणि टोकांना साखर लावायची, म्हणजे जंतूचे किंवा शरीरातले हवे ते प्रथिन त्यांना घट्ट धरते. जंतूला आपल्या पेशीऐवजी या खोट्या झाडाला चिकटवून ठेवता येईल का, यावर बरेच काम सुरू आहे. तीन फांद्यांचा छोटा अवतार औषधात आलाही आहे. कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा घेण्याच्या इन्क्लिसिरान या इंजेक्शनला २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. त्यात तीन टोकांना एन-अॅसिटिल गॅलॅक्टोसामाइन जोडलेले असते. ए गट ज्या साखरेने ठरतो आणि कुळीथ जी ओळखतो, तीच ही साखर. यकृताच्या पेशीवरचे एक प्रथिन ही तीन टोके एकदम धरते आणि औषध आत घेते.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

• रक्ताच्या नात्याने गट जुळतोच असे नाही. सख्ख्या भावंडांचे गटही वेगळे असू शकतात.

• कार्डावर गट लिहिलेला असला तरी प्रत्येक वेळी रुग्णाचा ताजा नमुना तपासून क्रॉसमॅच करावाच लागतो. त्यासाठी लागणारा वेळ वाया जात नाही.

• ओ गट सर्वांना चालतो, हे पूर्ण खरे नाही. बॉम्बे गटाला तो चालत नाही. अगदी जिवावरच्या प्रसंगी क्रॉसमॅचआधी ओ निगेटिव्ह द्यायचे की नाही, हा निर्णय डॉक्टर घेतात.

• सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त दिल्यास इतर लहान गटांविरुद्धही प्रतिपिंड बनू शकतात. म्हणून आधी कधी, कुठे रक्त चढवले आणि तेव्हा काही त्रास झाला का, ही नोंद जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी दाखवा.

• गरोदर बाईचा रक्तगट, आरएच आणि हिमोग्लोबिन पहिल्याच तपासणीत करून घ्या. आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

• रक्त चढत असताना थंडी, ताप, कंबरदुखी, छातीत दडपण किंवा लाल-काळी लघवी झाली तर लगेच नर्सला सांगा. रक्त ताबडतोब थांबवावे लागते.

• रक्तगटानुसार आहार ठेवावा, याला वैद्यकीय पुरावा नाही.

• १८ वर्षांवरील, किमान ४५ किलो वजनाची निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पिशवी आधीच तपासून तयार असेल तर गडचिरोलीपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाला फक्त क्रॉसमॅचपुरते थांबावे लागते.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. स्वतःच्या उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.